डरहॅम बुल्सची मॅच, आई-बाबांसोबत

आज डरहॅमजवळच्या कॅरीतल्या आम्ही मित्रमंडळींनी मिळून डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाच्या मैदानात एक सूट, म्हणजे सामना बघायची खासगी खोली, घेतला होता. भारतातून आलेले सगळ्यांचे आई-बाबा सोबत. सूटचा खरा फायदा त्यांनाच. नॉर्थ कॅरोलायनाचा जुलै, आत एसी, आणि वाटलं की दार उघडून बाहेरच्या खुर्च्यांवर बसायचं.

बाबा एकदा बाहेर बसले ते उठलेच नाहीत. समोर डावीकडे ती ३२ फुटी निळी भिंत आणि तिच्यावर बैलाची मोठी पाटी! बुल्सच्या कुणी होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला की बैलाचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकातून धूर येतो. चेंडू थेट बैलाला लागला तर खेळाडूला स्टेक, पाटीवरच्या गवताला लागला तर सॅलड. नातवंडांना हे सगळं बाबाच समजावून सांगत होते.

मला मायनर लीग, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालची पातळी, मनापासून आवडते. बुल्स हा टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाचा ट्रिपल-ए (मायनर लीगमधला सर्वांत वरचा) संघ, म्हणजे मेजर लीगच्या अगदी उंबरठ्यावरची पोरं. कुणाला उद्याच वरून फोन येईल, कुणाला कधीच येणार नाही. पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेल इथूनच वर गेला आणि २०१८ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. बाबांनी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर रणजीचे सामने पाहिलेत, त्यामुळे या पोरांची धडपड त्यांना लगेच कळली. फाऊलचा (रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचा) नियम मात्र सातव्या इनिंगपर्यंत चर्चेत होता.

"पुढच्या वेळी खाली, खेळाडू बसतात त्या डगआऊटजवळ बसू," असं त्यांनी गाडीतच सांगितलंय. ऑगस्टअखेर ते परत जातायत, त्याआधीची तिकिटं आजच बघतो. कोण कोण येतंय?