अडीच लाख किलोमीटर पळालेली लक्झरी एसयूव्ही घ्यावी का?

जुनी लक्झरी एसयूव्ही बघायला गेलं की सगळ्यांची नजर आधी ओडोमीटरवर जाते. दीड लाख दिसलं की कपाळावर आठी, अडीच लाख दिसलं की "सोड रे, संपलेली गाडी आहे", आणि साठ हजार दिसलं की चेहरा खुलतो. मला हे खूप वर्षं खटकतंय, कारण ज्या गाड्यांनी मालकाला खरंच रडवलं त्यातल्या बऱ्याच कमी पळालेल्या होत्या, आणि काही गाड्या तीन लाखाच्या पुढे जाऊनही निवांत चालतायत. यामागे कारणं आहेत आणि ती समजली की गाडी बघायची पद्धतच बदलते.

साधं गणित करा. एक गाडी कायम गर्दीत चाललीय, सरासरी वेग ताशी २०, तिने ६० हजार किलोमीटर केलेत, म्हणजे इंजिन ३००० तास चाललं. दुसरी लांब रस्त्यावर चाललीय, सरासरी ताशी ६०, ती तेवढ्याच ३००० तासांत १ लाख ८० हजार किलोमीटर जाते. तास सारखेच, पण दुसरीचं इंजिन बहुतेक वेळ पूर्ण गरम होतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक होता, गिअर फारसे बदलले नाहीत, ब्रेकवर पाय कमी गेला. पहिली रोज थंड इंजिनावर चार-पाच किलोमीटर जाऊन बंद झाली, तेलात इंधन आणि पाण्याची वाफ मिसळत राहिली, आणि डिझेल असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई प्रत्येक वेळी अर्धवट सुटली. डीपीएफचं अजून एक लक्षात ठेवा, काजळी जळून जाते पण राख जळत नाही, ती तेलातल्या ॲडिटिव्हमधून येते आणि फिल्टरमध्ये कायमची साचते. त्यामुळे आधीच्या मालकाने कमी राखेचं, कंपनीच्या स्पेसिफिकेशनचं तेल घातलं की हाताला येईल ते, हा प्रश्न लाखभर किलोमीटरनंतर तुमच्या अंगावर येतो.

आणि रबर, प्लास्टिक यांना तर किलोमीटर कळतच नाहीत, त्यांना वर्षं आणि उष्णता कळते. एअर सस्पेन्शनचे बेलोज (गाडी पेलणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या), कूलंटचे पाईप, एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅट हाउसिंग, व्हॅल्व्ह कव्हरचं गॅस्केट, कंट्रोल आर्मचे बुश, हे सगळं बारा-पंधरा वर्षांत उभ्या उभ्या कडक होतं. म्हणून पंधरा वर्षं जुनी आणि फक्त ५० हजार पळालेली गाडी म्हणजे बहुतेक वेळा पंधरा वर्षं जुन्या मूळ रबरावर उभी असलेली गाडी, त्या उलट अडीच लाखवालीत यातलं निम्म्याच्या वर एकदा बदलून झालेलं असतं, अर्थात बदललं असेल तर.

आता या "असेल तर" वरच सगळं येऊन थांबतं.

लक्झरी एसयूव्हीचा भाव फार पटकन पडतो, पण तिच्या पार्टचा भाव पडत नाही. गाडी नवीन असताना एअर सस्पेन्शनच्या कंप्रेसरला, एअर स्ट्रटला, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) जे पैसे लागायचे तेच आज लागतात, कधी कधी जास्तच, आणि गाडी मात्र मूळ किमतीच्या एका तुकड्यात मिळते. पहिल्या मालकाकडे वॉरंटी होती, दुसऱ्याने थोडंफार सांभाळलं, तिसरा आणि चौथा मालक मात्र गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेतो आणि त्याचं बजेट खरेदीच्या किमतीला जुळणारं असतं, देखभालीच्या नाही. मग सर्व्हिस पुढे ढकलली जाते, सस्पेन्शनची एक झिजलेली लिंक तशीच राहते, एक वॉर्निंग लाईट "सेन्सरचं आहे" म्हणून सोडून दिली जाते. या गाड्या बेभरवशाच्या ठरतात त्यातला मोठा भाग इथे घडतो, कारखान्यात नाही असं माझं ठाम मत आहे. कारखान्यातले दोषही आहेत, त्यावर खाली येतोच.

एअर सस्पेन्शनचं उदाहरण घ्या कारण त्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. डिस्कव्हरी ३, रेंज रोव्हर, मर्सिडीज जीएल, एअर सस्पेन्शनवाली क्यू७ किंवा काएन, कुठलीही घ्या. आधी एका बेलोजला घडीवर बारीक चीर जाते. रात्रभरात एक कोपरा थोडा बसतो, सकाळी कंप्रेसर चालू होऊन उचलतो, मालक म्हणतो ठीक आहे चालतंय. पण तो कंप्रेसर सतत चालायला बनवलेलाच नाहीये, थोडा वेळ चालून थंड व्हायचं अशी त्याची रचना असते, गळती भरून काढायला तो तासन्‌तास धापा टाकत राहतो, त्याची पिस्टन रिंग झिजते, ड्रायरमधलं हवा कोरडी करणारं रसायन ओलं होऊन निकामी होतं, मग ओलावा व्हॅल्व्ह ब्लॉकमध्ये (चारही कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या भागात) जातो, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि कंप्रेसर जळतो. एका बेलोजचं काम होतं ते आता बेलोज, कंप्रेसर, रिले आणि व्हॅल्व्ह ब्लॉक असं झालं. आणि बरेच जण नुसता कंप्रेसर बदलतात, चीर तशीच, मग नवा कंप्रेसरही तसाच जातो आणि सगळ्यांना सांगत फिरतात की एअर सस्पेन्शन भंगार असतं. तपासायचं सोपं आहे, गाडी समतल जागी रात्रभर उभी ठेवायला सांगा, चाकाच्या मध्यापासून चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना संध्याकाळी मोजा, सकाळी दार न उघडता परत मोजा (दार उघडलं की काही गाड्या स्वतःच लेव्हल करायला लागतात). साधे स्प्रिंग लावून एअर सस्पेन्शन काढून टाकलेली गाडी मी शक्यतो टाळतो, तोटा स्प्रिंगचा नाही, पण जिथे ते काढलंय तिथे अजून काय काय स्वस्तात उरकलं असेल हे शोधत बसावं लागतं.

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. कित्येक कार कंपन्या सांगतात की ते आयुष्यभराचं आहे, बदलायची गरज नाही. पण बीएमडब्ल्यू, लँड रोव्हर, ऑडी यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असलेला सहा आणि आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा तेल बदला असं सांगते. बॉक्स बनवणाऱ्याचं ऐकायचं. हे बॉक्स मुळात फार चांगले आहेत, खास करून आठ गिअरचा, तेल वेळेवर बदललं तर लाखो किलोमीटर तक्रार नसते. सहा गिअरवाल्यात मेकॅट्रॉनिक युनिटच्या (बॉक्सच्या आतल्या कंट्रोल युनिटच्या) प्लगची सील गळते, तेल कमी होतं आणि मग गिअर पडताना धक्के बसतात, म्हणजे पूर्ण बॉक्स गेला असं ऐकवलं तरी आधी तेलाची लेव्हल आणि ती सील बघून घ्या. मर्सिडीजच्या सात गिअरवाल्या बॉक्समध्येही कनेक्टरच्या प्लगमधून तेल गळतं, तिथेही छोटा पार्ट आणि मोठी भीती असाच प्रकार आहे.

इंजिन तेलाचं पण तेच. २५-३० हजार किलोमीटरचा अंतराल नवीन गाडीच्या पहिल्या मालकाला बरा वाटतो, पण अडीच लाखापर्यंत जायचंय तर टर्बो आणि टायमिंग चेनसाठी (इंजिनचे व्हॅल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) तो फार लांब आहे. मी १० हजारावर बदलतो आणि ज्या जुन्या मालकाच्या बिलांवर असं दिसतं त्याच्या गाडीला मी जास्त किंमत द्यायला तयार असतो.

आता कारखान्यातून आलेले दोष. इथे किलोमीटरपेक्षा कुठलं इंजिन आहे हे महत्त्वाचं, एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन सोनं आणि दुसरं आयुष्यभराचं दुखणं असू शकतं. मर्सिडीजचं ओएम६४२, तीन लिटर व्ही६ डिझेल, मूळ इंजिन दणकट, पण ऑईल कूलर दोन सिलिंडर बँकांच्या मध्ये खोलात बसवलाय आणि त्याच्या सील कडक होऊन तेल गळतं, सील किरकोळ पण तिथे पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. ते तेल मागून खाली येतं म्हणून खूपदा क्रँकच्या मागच्या सीलवर खापर फुटतं. मर्सिडीजच्याच पेट्रोल एम२७२ इंजिनमध्ये सुरुवातीच्या काही वर्षांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) गिअर लवकर झिजायचा आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, त्यामुळे ते इंजिन असलेली एमएल बघताना इंजिन नंबर कुठल्या काळातला आहे आणि काम झालंय का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका.

बीएमडब्ल्यूच्या एन५७ डिझेलची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे थंड स्टार्टला मागून खरखर आली तर ते काम मोठं आहे हे धरूनच चाला. ऑडीच्या तीन लिटर टीडीआयमध्ये पण चेन मागेच. बीएमडब्ल्यूचंच एन६३, ४.४ लिटर पेट्रोल व्ही८, दोन्ही टर्बो सिलिंडरच्या मधल्या व्ही मध्ये, सगळी उष्णता तिथेच कोंडते आणि व्हॅल्व्ह स्टेम सील, इंजेक्टर, चेन, बॅटरी इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला २०१४ मध्ये त्यासाठी खास दुरुस्ती मोहीम काढावी लागली. सुरुवातीचं एन६३ मी कुणालाही सुचवणार नाही, बिलांची फाईल कितीही जाड असू दे. पोर्शे काएनच्या पहिल्या पिढीत व्ही८ ला इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली प्लास्टिकचे कूलंट पाईप होते, ते तडकतात, ॲल्युमिनियमचे बसवले की विषय संपतो, म्हणून ते काम झालेली काएन ही न झालेल्या कमी पळालेल्या काएनपेक्षा सरळ सरळ चांगली. लँड रोव्हरच्या तीन लिटर टीडीव्ही६ डिझेलमध्ये बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट तुटण्याची प्रकरणं बरीच झालीत, आणि हा धोका आधी सांगून येत नाही, म्हणून तिथे माझा हात आखडतो. गाडी चालवायला किती सुंदर आहे हे माहीत असूनही.

आणि मग टोयोटा-लेक्सस. लँड क्रूझर १०० आणि लेक्सस एलएक्स ४७० मधलं ४.७ लिटरचं २यूझेड पेट्रोल व्ही८ हे या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात शांत इंजिन, टायमिंग बेल्ट साधारण दीड लाख किलोमीटरला बदलायचा, वॉटर पंप त्यासोबत, बाकी ते चालत राहतं. पण लेक्सस आहे म्हणून काहीच करावं लागत नाही हा समज चुकीचा आहे, एलएक्स ४७० च्या हायड्रॉलिक सस्पेन्शनमधल्या नायट्रोजनच्या गोळ्यांतला दाब वयानुसार कमी होतो आणि गाडी दणके द्यायला लागते, चासिसला गंज लागतो, बेल्ट तर कुणाची वाट बघत नाही.

वजनाचा खर्च वेगळाच. सव्वादोन-अडीच टनाची गाडी, त्यामुळे बुश, बॉल जॉइंट, डिस्क, टायर हे कारपेक्षा लवकर संपणारच. टायरवरून तर गाडीचा मालक कळतो. चारही चाकांवर वेगवेगळ्या कंपनीचे किंवा दोन नवे दोन गुळगुळीत टायर दिसले तर सावध व्हा, कायम फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत पुढच्या मागच्या टायरच्या घेरात फरक असला की ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घसरत राहतो, आणि बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या फोर व्हील ड्राइव्हला याचा फटका पटकन बसतो. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, गाडी अडखळत, उड्या मारत चालली तर हेच दुखणं आहे.

इलेक्ट्रॉनिक्सला लोक उगाच जादूटोण्यासारखं घाबरतात. बहुतेक वेळा मूळ पाण्यात किंवा बॅटरीत असतं. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबतात, पाणी कार्पेटखाली जातं आणि तिथे मॉड्यूल आणि वायरिंग असतं. कार्पेट दाबून बघा, वास घ्या. बॅटरी अशक्त असली की एकाच वेळी दहा सिस्टिम तक्रार करतात, त्यामुळे बॅटरी चार्ज करून, फॉल्ट पुसून, गाडी चालवून मग जे परत येतं तेच खरं.

बघायला जाताना इंजिन थंड पाहिजे, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. स्कॅनिंग त्या कंपनीसाठीच्या सॉफ्टवेअरने करा, साध्या स्कॅनरला फक्त इंजिनचं वरवर दिसतं. किलोमीटर फिरवलेत का हेही इथेच कळतं कारण आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, बऱ्याच गाड्यांत इतर मॉड्यूलमध्येही असतो, बीएमडब्ल्यूच्या किल्लीत असतो, आणि जुना फॉल्ट किती किलोमीटरला नोंदला गेला तेही दिसतं. मीटर १ लाख १० हजार दाखवतंय आणि गिअरबॉक्सचा फॉल्ट १ लाख ९० हजाराला नोंदलाय, तर बोलणं तिथेच थांबवा.

आणि फाईल मागा. शिक्के नकोत, बिलं हवीत, तारखा आणि किलोमीटर असलेली, ज्यावर पार्टचे नंबर आहेत. त्यात गिअरबॉक्स तेल, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचं तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड दिसायला हवं. नुसतं इंजिन तेल आणि फिल्टर दिसत असेल तर बाकी सगळं तुम्हालाच करायचंय असं धरून किंमत बोला.

गाडी घेतलीच तर पहिल्या महिन्यात सगळी तेलं आणि कूलंट बदला, बॅटरीची चाचणी करून घ्या, सनरूफच्या नळ्या साफ करा, सगळे बुश लिफ्टवर नेऊन बघा. पार्ट घेताना डीलरचंच खोकं पाहिजे असं नाही, लेमफोर्डर, झेडएफ, बॉश, बिल्स्टीन यांचेच पार्ट पुष्कळ ठिकाणी कारखान्यात लागलेले असतात, फक्त निनावी स्वस्त कंट्रोल आर्म घेऊ नका, अडीच टन त्यावर टिकत नाहीत. आणि पूर्ण स्कॅनचा रिपोर्ट त्याच दिवशी काढून जपून ठेवा, पुढे लाईट लागली की हा फॉल्ट तुमच्याकडे आल्यावरचा आहे की सोबत आलेला, हे शोधताना मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो.