काठ सगळा खरडू नका

“जलपर्णी काढा म्हणून तुम्हीच मागं लागता, आणि काठ साफ करायला यंत्र आलं की तुम्हीच आडव्या येता. असं का?” सोलापूरच्या कंबर तलावावर सकाळी फिरायला येणारी मंडळी मला हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

समोर पाण्यात तो तपकिरी गोळा दिसतोय? आत्ता होता, आता नाही. बदकाचं पिल्लू बुडालं की काय, म्हणून लोक घाबरतात. ती टिबुकली, पाण्यात राहणारा छोटा पक्षी. पूर्ण वाढलेली असूनही जेमतेम वीतभर. पिसांमधली हवा दाबून काढते, आवाज न करता खाली जाते आणि भलतीकडेच वर येते. जवळच्या हिप्परगा तलावावर हिवाळ्यात पाहुणी बदकं बघायला गर्दी होते. ही मात्र बाराही महिने आपल्यातच.

तिचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, बोटांना चपट्या पाळ्या. पाण्यात हीच वल्ही, जमिनीवर मात्र धड चालवत नाही. म्हणून तिचं घरटंसुद्धा पाण्यावरच: ओल्या, कुजक्या पाल्याचा ढीग, काठच्या पाणकणसाच्या, म्हणजे उंच गवतासारख्या पाणवनस्पतीच्या, देठांना अडकवलेला. घरट्यावरून उठताना ती अंडी पाल्यानं झाकून जाते. पांढरी अंडी त्या पाल्यानंच हळूहळू तपकिरी होतात. पिल्लं अंगावर पट्टे घेऊन येतात आणि आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात.

जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. ती सगळं पाणी झाकते, खाली ऊन पोचू देत नाही. टिबुकलीला बुडी मारायला मोकळं पाणी लागतं, उडायलाही पाण्यावर लांब धावावं लागतं. पाणकणीस काठाला मुळं धरून उभं असतं. लांबून दोन्ही हिरवंच दिसतं, पण एकानं तिचा श्वास कोंडतो आणि दुसरं तिचं घर आहे.

एका पावसाळ्यात मी एका घरट्यात चार अंडी पाहिली होती. चौथ्या दिवशी काठ लख्ख. पाणकणसाचा ढिगारा रस्त्याकडेला पडलेला, आणि जोडी त्याच जागी गोल गोल पोहत होती. ते मला अजून विसरता येत नाही.

जलपर्णी वर्षभर काढा, मीही हात लावते. पाणकणीस मात्र दिवाळीनंतर कापा. तेही यंदा एका काठाचं, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी.