ईयोब २८ आणि वर्धा रोडचा प्लॉट

आज उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या शलमोन राजावर संदेश दिला. गिबोनात देवानं स्वप्नात विचारलं काय पाहिजे ते माग, आणि त्यानं ना लांब आयुष्य मागितलं ना पैसा, लोकांचा न्याय नीट करता यावा म्हणून समजदार मन मागितलं. मला खूप आवडतं हे, पण शलमोनाची गोष्ट तिथंच थांबवू नये असं मला नेहमी वाटतं, कारण पुढे त्याच्याकडे एका वर्षात ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं येतं आणि लगेच पुढच्या अध्यायात त्याचं मन देवापासून फिरलेलं दिसतं. बायकांनी फिरवलं असं लिहिलंय, खरंय, पण राजानं घोडे, बायका, सोनं-चांदी काहीच वाढवू नये हे बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आधीच सांगून ठेवलं होतं नं, आणि त्यानं तिन्ही वाढवलं.

घरी येऊन मी बाबांचं बायबल काढलं, त्यातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा २८वा अध्याय. बाबा सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत होते, शिफ्ट करून आले की साबणानं कितीही घासले तरी नखांच्या कडेला काळं राहायचंच, आणि या पानाच्या कोपऱ्याला त्यांच्या बोटाचा काळपट डाग अजून आहे. हा अध्याय त्यांचा होता. त्यात सगळी खाणच आहे, माणूस अंधाराला हटवत खाली जातो, माणसांपासून लांब दोरावर लोंबकळतो, डोंगर मुळापासून उलथून टाकतो, जी वाट घारीच्या डोळ्यालाही दिसली नाही ती शोधतो. बाबा म्हणायचे, हे ज्यानं लिहिलं त्यानं खाण पाहिली असेल. आणि मग एवढं सगळं खोदून झाल्यावर विचारतो की ज्ञान कुठं सापडतं? समुद्र म्हणतो माझ्यात नाही. ओफीरच्या सोन्यानं, मोत्यानं, पोवळ्यानं विकत मिळत नाही. शेवटी उत्तर येतं की प्रभूचं भय धरणं हेच ज्ञान आणि वाइटापासून दूर राहणं हीच समज.

मला आज हे वाचायचंच होतं कारण प्लॉटचं ठरवायचं होतं. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशात वर्धा रोडला प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुसतं रान होतं, आता नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या मोठ्या उद्योग प्रकल्पामुळे भाव कुठल्या कुठं गेले. एक गिऱ्हाईक आलंय, चांगला भाव देतोय, पण अर्धे पैसे नगद, रजिस्ट्रीत रक्कम कमी दाखवायची. लहान भाऊ काल फोनवर म्हणाला, "ताई, सगळेच असं करतात, आपणच कशाला वेगळं वागायचं? पोराच्या कॉलेजची फी डोक्यावर आहे." त्याचं टेन्शन खोटं नाही, तो लोभी माणूस नाही. पण मला लूक १२ मधला तो माणूस आठवला जो गर्दीतून येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, आणि येशू वाटणी करत नाही, लोभापासून जपा म्हणतो. कारण माणसाचं जीवन त्याच्या मालमत्तेत नसतं.

याकोब १:५ मध्ये आहे की ज्याला ज्ञान कमी पडतं त्यानं देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. मी मागितलं, काही आवाज वगैरे आला नाही, पण एवढं मात्र स्वच्छ दिसलं की बाबांच्या घामाचा पैसा खोट्या कागदावर घ्यायचा नाही. ज्ञान मला एवढंच पाहिजे, सहीच्या वेळेला खरं-खोटं कळावं आणि खरं धरून ठेवायची हिंमत असावी. लाखभर कमी मिळाले तर मिळोत, ती हिंमत मला जास्त किमतीची आहे आणि हे मी मनापासून लिहितेय.

संध्याकाळी भावाला फोन केला, वचन वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही मग म्हणाला बरं, तू म्हणशील तसं. उद्या ब्रोकरला सांगायचंय की पूर्ण रक्कम चेकनं आणि रजिस्ट्री पूर्ण भावाची, नाहीतर इसार घेणार नाही. पोराच्या पहिल्या वर्षाची फी मी माझी एफडी मोडून भरते, हे भावाला सांगून टाकलंय.