बायोगॅसमधला सीओटू हायड्रोजन बनवताना खरंच वापरला जातो का?

बायोगॅसपासून हायड्रोजन हा विषय निघाला की एक स्लाइड ठरलेली असते, त्यात मिथेन आणि सीओटू दोन्ही निकेल कॅटॅलिस्टवर (रिॲक्शनला वेग देणारा उत्प्रेरक) सोडायचे आणि दोन्ही ग्रीनहाउस गॅस एकाच फटक्यात गायब. ऐकायला भारी वाटतं, पण जरा हिशेब मांडून बघा.

शेण असो की साखर कारखान्याची प्रेसमड, गॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन आणि ४० टक्क्यांच्या आत-बाहेर सीओटू. स्लाइडवरच्या या पद्धतीत, म्हणजे ड्राय रिफॉर्मिंगमध्ये, एक मिथेन आणि एक सीओटू मिळून दोन कार्बन मोनॉक्साइड आणि दोन हायड्रोजन देतात, ८०० डिग्रीच्या आसपास. पण आपल्याला हवाय हायड्रोजन, मग त्या मोनॉक्साइडवर वाफ सोडून शिफ्ट रिॲक्शन करायची, आणि तिथे प्रत्येक मोनॉक्साइडमागे एक सीओटू बाहेर पडतो, म्हणजे आत एक घातला आणि बाहेर आले दोन! हायड्रोजन मिळाले एकूण चार, आणि साध्या स्टीम रिफॉर्मिंगनेही (मिथेनवर सीओटूऐवजी वाफ) शिफ्ट धरून चारच मिळतात. सिनगॅसपासून, म्हणजे त्या मोनॉक्साइड-हायड्रोजनच्या मिश्रणापासून, मेथनॉल वगैरे बनवणार असाल तर गोष्ट वेगळी.

मग फायदा काहीच नाही का? आहे ना, सीओटू आधी वेगळा काढायचा खर्च वाचतो. सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्लांटला तो काढावाच लागतो, इथे शेवटी पीएसएमध्ये (दाबाखाली बाकीचे गॅस शोषून घेणारं युनिट) हायड्रोजन शुद्ध करायचाच असतो, तेव्हा सगळं एकदमच निघतं. माझ्या मते स्लाइडवर हे लिहायला हवं.

आता निकेल. स्वस्त आहे, कामाचा आहे, पण ६०:४० मध्ये मिथेन जास्त पडतो आणि तो जास्तीचा मिथेन कार्बन होऊन कॅटॅलिस्टवर बसतो. गंमत म्हणजे हा कार्बन बारीक तंतूंसारखा वाढतो आणि निकेलचा कण त्या तंतूच्या टोकावर उचलला जातो, तिथूनही तो काम करत राहतो, त्यामुळे कन्व्हर्जनचा (किती मिथेन वापरला गेला त्याचा) ग्राफ सपाट छान दिसतो आणि इकडे प्रेशर गेज हळूहळू वर सरकत असतो. ट्यूब उघडली की आत फुगलेला काळा भुसा, टाकलेल्यापेक्षा कितीतरी जास्त, बोट लावलं की काजळी. निकेल ज्यावर बसवतात त्या आधाराला ॲल्युमिनाऐवजी मॅग्नेशिया किंवा सेरिया घेतलं तर हे कमी होतं, निकेलऐवजी रोडियम-रुथेनियम घेतलं तर खूपच कमी पण किमती बघा. त्यापेक्षा थोडी वाफ सोबत सोडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, शिफ्टला ती लागणारच आहे.

पण खरा वैरी एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. डायजेस्टरच्या (बायोगॅस तयार होतो ती टाकी) कच्च्या गॅसमध्ये तो शेकडो ते हजारो पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असू शकतो, आणि निकेलला थोडे पीपीएमही बास होतात, सल्फर पृष्ठभागावर चिकटून जागाच अडवतो. म्हणून आधी आयर्न ऑक्साइड, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा झिंक ऑक्साइडचा बेड, आणि तो वेळेवर बदलणं. हे काम कोणाला ग्लॅमरस वाटत नाही, त्यामुळे रिसर्च पेपरमध्ये बऱ्याचदा सिलिंडरमधला स्वच्छ मिथेन आणि स्वच्छ सीओटू मिसळून त्यालाच बायोगॅस म्हणतात आणि मग कॅटॅलिस्ट किती तास टिकला ते सांगतात.

आणि आकडा हवाच असेल तर, ६० टक्के मिथेनवाल्या एक घनमीटर बायोगॅसमधून कागदावर जास्तीत जास्त २.४ घनमीटर, म्हणजे २०० ग्रॅमच्या थोडा वर हायड्रोजन. भट्टी तापवायला त्यातलाच गॅस जाळणार असाल तर तो वजा करा.