तुम्ही विचारलंत म्हणून: घराण्यातला आजार मलाही होणार का?

‘वडिलांना मधुमेह, आजोबांनाही होता, मग मलाही होणारच ना?’ ‘आईला स्तनाचा कॅन्सर झाला, आता माझं काय?’ ‘आमच्या दोघांच्याही घरात कुणाला काही नाही, मग बाळाला हा आजार आला कुठून?’ आनुवंशिक आजारांचं काम करणाऱ्या माणसाला हे तीन प्रश्न सतत ऐकू येतात. तिघांनाही ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर हवं असतं, आणि ते का देता येत नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘घराण्यात आहे’ या एकाच वाक्याखाली अगदी निराळ्या गोष्टी येतात. त्यातली आपली कोणती, हे ठरल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आधी पाया. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. त्यांच्यावर प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली सुमारे २०,००० जनुकं असतात. म्हणजे बहुतेक प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आणि मुलाला त्यातली एकच जाते. कोणती जाईल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं, आणि प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्यानं काढली जाते. पुढची सगळी गणितं यातूनच निघतात.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे अपराधीपणाचं ओझं सगळ्यात जास्त असतं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आजारांमध्ये आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक असतो आणि बहुधा ठणठणीत असतो. त्याचे आईवडील, आजी-आजोबाही ठणठणीत असू शकतात. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काही न दिसता आजार अचानक उगवतो तो असा. सिकलसेलमागचा बदल किती लहान आहे पाहा: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटलं, तेव्हापासून आजाराचं मूळ एका रेणूत शोधण्याची वाट मोकळी झाली.

इथे दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला: ‘चारातलं एक आजारी झालं, आता पुढची तीन सुरक्षित.’ नाही. पहिल्या वेळी काय झालं याचा दुसऱ्या वेळेवर काहीही परिणाम होत नाही, पुन्हा २५ टक्केच. दुसरा गैरसमज आजारी मुलाच्या निरोगी भावंडाबद्दलचा. ‘ते सुटलं’ असं समजून त्याची तपासणीच होत नाही. खरं तर चार शक्यतांमधली आजाराची एक वगळली की तीन उरतात आणि त्यातल्या दोन वाहकाच्या असतात. निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता ५० नव्हे, सुमारे ६७ टक्के असते. त्याच्या लग्नाआधी, निदान गरोदरपणाआधी, हे कळायला हवं.

बीटा थॅलेसेमियाचा वाहक ओळखण्याची पहिली पायरी सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या तपासणीतच असते. तांबड्या पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ८० फेम्टोलिटरच्या खाली असेल तर पुढे एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करून त्यातल्या हिमोग्लोबिन ए२ या प्रकाराचं प्रमाण पाहतात; ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बहुधा वाहक असतो. गफलत इथेच होते. लोहाची कमतरता असली तरी पेशी लहान दिसतात, त्यामुळे वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि वाहकपणा कुणाच्या लक्षातच येत नाही. उलट, लोह फार कमी असेल तर ए२चा आकडाही खाली येतो आणि वाहक असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, बरोबरीनं पाहावं, कमतरता भरून काढून पुन्हा तपासावं. पण गरोदरपण सुरू झालं असेल तर वाट पाहत बसू नये, जोडीदाराची तपासणी त्याच आठवड्यात करावी.

कधी कधी आईवडील वाहकही नसतात. प्रत्येक बाळात काही डझन बदल असे असतात जे दोघांपैकी कुणातही नसतात. प्रती काढताना होणाऱ्या चुका त्या. बहुतेक निरुपद्रवी असतात, क्वचित एखादा महत्त्वाच्या जागी पडतो. ॲकॉन्ड्रोप्लेसिया या खुजेपणाच्या प्रकारात सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात. डाउन सिंड्रोमचंही तसंच. त्यात २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे जेरोम लजन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. आणि सुमारे ९५ टक्के वेळा ती जादा प्रत गुणसूत्रं वेगळी होतानाच्या चुकीमुळे येते, घराण्यातून नाही. गरोदरपणात आईनं काय खाल्लं, कुठे गेली, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांसमोर मोठ्यानं बोललं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण दोष जवळजवळ नेहमी आईच्याच माथी मारला जातो.

काही आजारांत एकच बिघडलेली प्रत पुरते. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा हंटिंग्टनचा आजार हे त्याचं सगळ्यात कठोर उदाहरण. त्याच्या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन:पुन्हा येतात. ४० किंवा जास्त वेळा आली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणार नाही. बाधिताच्या प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. जनुक १९९३ मध्ये सापडलं, चाचणी अचूक आहे, पण आजार थांबवणारा उपचार नाही. म्हणूनच इथे चाचणी न करण्याचा हक्कही तितकाच खरा मानला जातो, आणि लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत. हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, हिशेब आणखी निराळा. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे वाहक आईच्या मुलग्यांना धोका निम्मा, तर बाधित वडिलांच्या सगळ्या मुली वाहक आणि मुलगे मोकळे.

आता कॅन्सरचा प्रश्न. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच एखाद्या वारशानं आलेल्या जोरदार बदलामुळे होतात, म्हणजे आईला झाला एवढ्यावरून मुलीला होणारच असं नाही. पण तो बदल खरंच असेल तर चित्र पालटतं. बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांमध्ये हानिकारक बदल असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो; बीजाशयाचा कॅन्सर बीआरसीए१ मध्ये सुमारे ४४ जणींना, बीआरसीए२ मध्ये १७ जणींना. एवढं कळलं की करण्यासारखं खूप असतं: २५ व्या वर्षापासून एमआरआय, ३० पासून मॅमोग्राफी, आणि मुलं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० या वयात, बीजाशय व बीजवाहिन्या काढण्याचा पर्याय. यात लोक हमखास एक गोष्ट विसरतात: हा बदल वडिलांकडूनही तितकाच येतो. आत्याला चाळिशीत कॅन्सर झाला असेल तर ती ‘दुसऱ्या घराण्याची’ माहिती नाही, तुमचीच आहे.

असाच दुर्लक्षित आजार म्हणजे वारशानं येणारं वाढलेलं कोलेस्टेरॉल. साधारण २५० माणसांत एकाला ते असतं, तरी बहुतेकांना पत्ता नसतो. यकृताच्या पेशींवरचा, रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उचलून घेणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर) कमी पडतो. तो शोधल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. प्रौढ माणसाचं एलडीएल उपचाराविना १९० मिलिग्रॅमच्या वर, टाचेमागच्या स्नायुबंधात गाठी, घरात ५५ च्या आतल्या पुरुषाला किंवा ६५ च्या आतल्या स्त्रीला हृदयविकाराचा झटका, अशा खुणा जुळल्या की नुसतं ‘तेल-तूप कमी करा’ सांगून भागत नाही. इथे रक्तवाहिन्या जन्मापासून जास्त एलडीएल झेलत असतात, त्यामुळे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं मुलांनाही ८ ते १० वर्षांपासून सुरू करतात. म्हणजे हंटिंग्टनमध्ये ज्या वयात चाचणी टाळायची, त्याच वयात इथे ती आग्रहानं करायची. फरक एवढाच की इथे हाती उपचार आहे.

आणि मधुमेह? टाइप २ मधुमेहात एक जनुक नसतं, जनुकसंचातल्या शेकडो जागांचा थोडाथोडा वाटा असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर आयुष्यभरातला धोका साधारण ४० टक्के, दोघांना असेल तर सुमारे ७० टक्के सांगतात. पण या आकड्यात जनुकांबरोबर एकाच घरातलं जेवण, झोप आणि बैठं आयुष्यही मिसळलेलं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००२ मध्ये आले. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. टीसीएफ७एल२ या जनुकाचा धोक्याचा प्रकार असलेल्यांनाही जीवनशैली बदलण्याचा फायदा झाला. तेव्हा ‘रक्तातच आहे, करून काय उपयोग’ हे म्हणणं चुकीचं आहे.

पूर्णपणे जनुकीय आजारही अटळ असतोच असं नाही. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजारामध्ये शरीराला फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल पचवता येत नाही आणि ते साचून मेंदूची वाढ खुंटते. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी रूढ केली. पहिल्या काही दिवसांत निदान होऊन आहार बदलला तर मूल सामान्यपणे वाढतं. जनुक तेच राहतं, ताट बदलतं. मात्र हा आहार आयुष्यभराचा आहे. अशी मुलगी मोठी होऊन तो सोडून देते आणि तशीच गरोदर राहते तेव्हा तिच्या रक्तातलं वाढलेलं फिनाइलअ‍ॅलनिन गर्भाला इजा करतं, गर्भाला स्वतःला आजार नसला तरी.

तुमचा प्रकार कोणता हे शोधायचं साधन कागद आणि पेन आहे. तीन पिढ्यांची आकृती काढा: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी असेल तर आत रंग, वारले असतील तर तिरकी रेघ, नात्यात लग्न असेल तर जोडप्यामध्ये दोन समांतर रेघा. (सख्ख्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषाचा एरवीचा २ ते ३ टक्के धोका साधारण दुप्पट होतो.) आईकडची आणि वडिलांकडची बाजू सारख्याच कसोशीनं भरा. मृत्यूचं वय सगळे सांगतात. तुम्ही निदानाचं वय विचारा, खरी माहिती त्यात असते. ‘यकृताचा कॅन्सर’ सांगितला तर तो मुळात आतड्याचा होता का, हे जुन्या रिपोर्टमध्ये बघा. गर्भपात, जन्मताच दगावलेली मुलं, ‘अशक्त होता’ म्हणून सोडून दिलेला काका, या नोंदी टाळू नका. पन्नाशीच्या आत निदान, दोन्ही स्तनांत किंवा एकाच माणसात दोन वेगळे कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, एकाच बाजूच्या तिघांना सारखा आजार: यातलं काही दिसलं तर आकृती घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा. कुटुंब लहान असेल किंवा स्त्रिया कमी असतील तर धोका दडून राहू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

चाचणीत सगळ्यात जास्त चुकतो तो क्रम. निरोगी मुलगी घाबरून आधी स्वतःची चाचणी करते, रिपोर्टमध्ये काही सापडत नाही आणि ती निर्धास्त होते. पण आईत कोणता बदल आहे हेच ठाऊक नसेल तर त्या ‘नाही’चा अर्थ लागत नाही: मुलीला तो मिळाला नाही, की घरातला बदल या चाचणीला दिसतच नाही? म्हणून शक्य असेल तिथे आधी आजारी माणसाची चाचणी करावी. घरी लाळ पाठवून होणाऱ्या चाचण्या तर अनेकदा हजारो ज्ञात बदलांपैकी मोजकेच पाहतात. आणि रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं लिहिलं असेल तर त्याच्या आधारे शस्त्रक्रिया करू नका. अशा बहुतेक बदलांचं पुढे निरुपद्रवी म्हणून वर्गीकरण होतं. वर्ष-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला फेरतपासणीचं विचारा.

हानिकारक बदल सापडलाच तर त्या रिपोर्टची पूर्ण प्रत मिळवा. ‘पॉझिटिव्ह’ एवढा शेरा पुरत नाही. जनुकाचं नाव आणि बदलाचं नेमकं ठिकाण असलेलं पान भाऊ, बहीण, मुलं, आत्या, मावशी अशा सगळ्यांपर्यंत पोहोचायला हवं. ते हाती असलं की नातेवाइकाच्या रक्तात तेवढी एकच जागा तपासावी लागते, आणि तिथलं ‘नाही’ त्या बदलापुरतं खरंच ‘नाही’ असतं.