१७५० वरची लाल रेघ

लाइप्झिगच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फरशीवर चार मीटर कागद अंथरला होता. त्यावर पाच जण ओणवे: ड्रेस्डेनचा एक मुलगा, एक कोरियन, एक पोलिश, एक स्पॅनिश आणि मी, मिरजेची. विषय होता 'पाश्चात्त्य संगीताचे कालखंड'. माझं खरं शिक्षण सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचं. क्रेडिट कमी पडत होते म्हणून हा कोर्स घेतला. पेटीच्या मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिल्या आहेत, जमून जाईल, असं वाटलं.

कामाची वाटणी चटकन झाली. मला बरोक मिळालं, साधारण १६०० ते १७५०. मी लाल मार्कर घेतला आणि १७५० वर अशी ठसठशीत रेघ मारली की खाली फरशीवरही उमटली. ती पुसताना ड्रेस्डेनवाल्याने विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं?"

काय व्हायचंय? २८ जुलै १७५० ला याच शहरात, लाइप्झिगमध्ये, संगीतकार बाख वारला. एक माणूस गेला आणि पुस्तकांनी कालखंड बंद केला. पण कार्डं लावायला घेतली तेव्हा रेघेपलीकडे गर्दी निघाली. बरोकचाच हेंडेल १७५९ पर्यंत होता, टेलेमान तर १७६७ पर्यंत. अलीकडे बघावं तर पुढच्या, 'क्लासिकल' कालखंडातला, १७३२ मध्ये जन्मलेला हायडन अठरा वर्षांचा झालेला.

टेलेमानची आणखी एक गंमत. १७२२ मध्ये इथल्या थोमास चर्चला संगीतप्रमुख हवा होता, तेव्हा पहिली पसंती त्याला होती. तो हॅम्बुर्ग सोडायला तयार झाला नाही. दुसरा ग्राउपनर, त्याला त्याच्या दरबाराने सोडलं नाही. मग तिसरा बाख. म्हणजे आज ज्याच्या थडग्यावर रोज ताजी फुलं दिसतात, तो वेटिंग लिस्टवरून आलेला! प्रवेशाच्या याद्या बघून बघून इथवर पोचलेल्या मला हे वाचून भलतंच बरं वाटलं.

रविवारी आईचा फोन आला. आमच्या घरी सतारमेकर गल्लीतून आणलेला तानपुरा आहे आणि आईला गाण्यातलं कळतं. तिने शांतपणे विचारलं, "हे बाखबुवा शिकले कुणाकडे?"

मी चार मीटर कागद भरला होता, पण हे त्यात कुठेच नव्हतं. शोधलं. दहाव्या वर्षी आईवडील दोघंही गेलेले, मग थोरल्या भावाने सांभाळलं आणि शिकवलं. तो भाऊ पाखेलबेल या संगीतकाराचा शिष्य. शिवाय १७३५ च्या सुमारास बाखने स्वतः आपल्या कुळातल्या गवय्या-वाजवय्यांची वंशावळ लिहून काढली. त्यात त्रेपन्न नावं! आईला सांगितलं तर म्हणाली, "मग घराणंच की गं. कालखंड कसले करत बसलात?"

दुसऱ्या दिवशी हे गटाला समजावताना माझी त्रेधा उडाली. कोरियन मुलीने विचारलं, "अब्दुल करीम खाँ कुठल्या काळातले?" मी म्हटलं, किराणा घराण्यातले. ती म्हणाली, "कुठले नाही, कधीचे?" मला त्यांच्या जाण्याचं १९३७ हे सालही क्षणभर आठवेना, आणि मी त्यांच्याच मिरजेची! आपण गाणं माणसावरून ओळखतो, कोण कुणापुढे बसलं त्यावरून. यांच्याकडे ते कागदावर उतरवलेलं असतं, आणि कागदावर तारीख टाकता येते. पण घराणंही सरळ चालत नाहीच. बाखची मुलंच बापासारखं लिहीनात. धाकटा योहान क्रिस्टियान लंडनला गेला आणि तिथे १७६४ मध्ये आठ वर्षांच्या मोत्सार्टला भेटला. त्याचं संगीत कानाला मोत्सार्टच्या जवळचं वाटतं, वडिलांच्या नाही.

माझ्या रेघेची उरलीसुरली अब्रू गेली ती वाद्यांच्या संग्रहालयात. बरोक म्हणजे हार्पसिकॉर्ड, असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यात पिसाच्या कण्यासारखं टोक तार छेडतं, त्यामुळे बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून बोटाचा जोर ऐकू येतो. पियानो पुढच्या कालखंडाचा, म्हणून ते कार्ड पोलिश मुलीकडे दिलेलं. आणि इथे काचेपलीकडे पियानोचा जनक क्रिस्टोफोरीने फ्लॉरेन्समध्ये बनवलेला पियानो उभा, साल १७२६! बाखचं 'मॅथ्यू पॅशन' हे भलंमोठं चर्चसंगीत थोमास चर्चमध्ये पहिल्यांदा झालं असं मानतात ते त्याच्या पुढच्या वर्षी. पोलिश मुलगी काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघून हसली.

जाता जाता: 'बरोक' हा शब्द पोर्तुगीजमधल्या वेड्यावाकड्या मोत्याच्या नावावरून आला, असं मानतात. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेही याच शैलीत गणतात. तेव्हा सगळं लक्ष डब्यातल्या पुरीभाजीवर होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला आम्ही पाचही जण थोमास चर्चमध्ये मुलांचं गाणं ऐकायला गेलो. हा गायकवृंद १२१२ पासूनचा, म्हणजे आमच्या अख्ख्या कागदापेक्षा जुना. लाकडी बाक कडक, थंडी जबर. कार्यक्रमपत्रिकेत बाखच्या शेजारी रोमँटिक काळातला संगीतकार मेंडेल्सझोन छापलेला. त्यानेच १८२९ मध्ये बर्लिनला 'मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभं केलं, आणि विस्मृतीत चाललेला बाख लोकांना सापडला. म्हणजे बाखचा एक तुकडा स्पॅनिश मुलाच्या रोमँटिक भागातही लावायला हवा होता. तो आधीच वैतागलेला, म्हणून गाणं संपेपर्यंत मी हे मनातच ठेवलं.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री लाल रेघेवर पांढरा कागद चिकटवून वर पेन्सिलने तुटक रेघ काढली. नीट पाहिलं तर खालची लाली दिसतेच. शेवटचं भांडण बीथोवनवरून. पोलिश मुलगी म्हणे तो माझा, स्पॅनिश म्हणे माझा. दोघांकडे भरपूर मुद्दे, आणि रात्रीचे दोन वाजलेले. शेवटी कार्ड दोन कागदांच्या बरोबर सांध्यावर ठेवलं आणि वरून सेलोटेप मारली. सेलोटेप माझीच होती, मिरजेहून आणलेली.