आमची वाटचाल : वखार आणि अंबिकेकाठचा धक्का

बडोद्यात आमची सागाची वखार बऱ्याच जणांना ठाऊक आहे. बिलिमोऱ्याचा धक्का फारसा कुणाला माहीत नाही, पण धंदा उभा राहिला तो तिथेच.

अंबिकेच्या खाडीवरचं बिलिमोरा हे गायकवाडांचं बंदर. संस्थानचं आरमारही तिथे असे. पणजोबांनी काठालगत जागा घेऊन दगडी धक्का बांधला. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१३ साली बिलिमोरा-वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे सुरू झाली आणि डांगचा साग त्या गाडीने खाली येऊ लागला. ओंडके धक्क्यावर रचायचे आणि भरतीला गलबतात चढवायचे. आजोबांच्या चोपडीत तारखेच्या आधी तिथी लिहिलेली आहे, कारण भरलेलं मोठं गलबत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच खाडीबाहेर निघे.

पुढे ट्रक आले, खाडी गाळाने भरत गेली, वखार बडोद्याला आली. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा वखार वाटली गेली, धक्का मात्र सामाईक राहिला. त्याच्या डागडुजीचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग नफ्याचे वाटे करायचे, असं तेव्हा ठरलं. ते आजही पाळतो. जागेला गिऱ्हाइकं येतात. आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

मध्यंतरी एका कंत्राटदाराने सांध्यांत सिमेंट भरलं होतं. खारं पाणी आत अडकलं, मीठ दगडातच फुललं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. ते सगळं खरवडून काढलं. आता कळीचा चुना भिजवून त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घोटतो. नुसता चुना ओलीत धरत नाही, सुरखीने धरतो. ओहोटीच्या काही तासांत सांधा भरून त्यावर ओलं गोणपाट बांधायचं.

धक्क्याच्या सागाच्या खांबांची तऱ्हा वेगळी. चिखलात गाडलेल्या भागाला हवा लागत नाही, म्हणून तो अजून टणक आहे. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा रोज भिजतो, वाळतो आणि तिथेच लाकूड कुजतं. अख्खा खांब आम्ही काढत नाही. कुजलेला तुकडा कापून, खाच पाडून नवा साग जोडतो. बडोद्यातल्या वाड्यांचे खांब भिंतीच्या ओलीने बुडाशी कुजतात, तेही असेच वाचवतो. आज दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडेवाले आमच्याकडे येतात ते या कामासाठी. धक्क्यावरून भाडं येत नाही हे खरं, पण आमच्या सुतारांचा हात तिथेच बसला आणि त्याच हातावर आज फर्म चालते. नवीन माणूस लागला की त्याचा पहिला हिवाळा बिलिमोऱ्यालाच जातो.

यंदा दक्षिणेकडच्या पायऱ्या घेतल्या आहेत. कुणाला काम पाहायचं असेल तर वखारीत निरोप ठेवा, ओहोटीची वेळ बघून घेऊन जाऊ.